साहेबाचा भाऊ

माझा बाप चिम्पेत सिमिक आमच्या खोऱ्यात दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. फुलपाखरू धरावं तर त्याने, आणि दुसऱ्यावर जळावं तर तेही त्यानेच. पहिली गोष्ट आता कुणी काढत नाही, कारण ती फुलपाखरं समुद्रापलीकडे काचेखाली पडली आहेत आणि त्यांच्याखाली ओकली साहेबाचं नाव आहे. दुसरी मात्र अजून निघते. तिस्तेकाठच्या कुठल्याही घरात चार म्हातारे ची, म्हणजे आमची बाजरीची दारू, प्यायला बसले आणि एकाच्या भांड्यात दुसऱ्यापेक्षा जास्त पडली, की कुणीतरी म्हणतंच, "चिम्पेत होऊ नकोस." मी रेमकिट, त्याची एकुलती एक मुलगी. लोक हसतात तेव्हा मीही हसते, पण माझं हसू तोंडापुरतं असतं.

ओकली साहेब आमच्या नामफोक गावाच्या वरच्या धारेवर बंगला बांधून राहायला आला तेव्हा मी रांगत होते. तो चहामळेवाला नव्हता की पाद्री नव्हता. राज्य तर साहेबलोकांनी घेतलंच होतं. आता त्या राज्यात काय उगवतं, काय उडतं आणि काय सरपटतं ते सगळं त्यांना पेट्यांत भरून विलायतेला हवं होतं, आणि ते पाठवायचं काम ओकली साहेबाकडे होतं. आमची माणसं त्याच्यासाठी रान तुडवायची. पायांना जळवा लागू नयेत म्हणून मीठ-तंबाखूची पुरचुंडी बांधायची, बांबूच्या नळ्यांतून सुरवंट आणायची, झाडांच्या डहाळ्या कागदात दाबून चुलीवर वाळवायची. आबो, म्हणजे माझा बाप, या सगळ्यांत पुढे. जाळं त्याच्या हातात आलं की त्याची चालच बदलायची, असं आमू सांगायची. आमू म्हणजे माझी आई. कौतुक करताना तिचं तोंड आंबट व्हायचं.

मग ते झेमू हिमनदीच्या बाजूचं प्रकरण झालं. साहेब माणसं घेऊन बर्फाच्या कडेची फुलं गोळा करायला गेला होता. परतताना वादळ लागलं आणि साहेब आणि आबो दोघेच एका कपारीत अडकून पडले. साहेबाचे पाय गारठून लाकूड झाले. आबोने अंगरखा वर करून ते पाय आपल्या उघड्या पोटावर धरले आणि वादळ सरेपर्यंत सोडले नाहीत. तळावर उतरल्यावर साहेबाने आपला घडीचा चाकू खिशातून काढला आणि आबोच्या हातात ठेवला.

आता आमच्यात कुणी असं काही हातात ठेवलं तर घेणारा नुसता सलाम करून जात नाही. आबोने कमरेचं बान, म्हणजे आमचा लांब सुरा, म्यानासकट सोडलं आणि साहेबाला दिलं. ओझी वाहणाऱ्यांत आमच्या गावचा बोंगथिंग होता, गावची पूजा-मंत्र तोच करायचा. त्याने ची ओतली, डोंगराच्या नावाने थेंब उडवले, दोघांना एकाच भांड्यातून एकाच नळीने प्यायला लावलं आणि जे म्हणायचं ते म्हटलं. साहेबाला मोठी गंमत वाटली. तो हसत हसत प्यायला आणि आबोच्या पाठीत थाप मारली. साहेबाच्या लेखी तिथे मौज झाली. आबो घरी परतला तो साहेबाचा इंगझोंग होऊन.

इंगझोंग म्हणजे मानलेला भाऊ, पण नुसता म्हणण्यापुरता नाही. सख्ख्या भावाशी भांडण होतं, वाटणी होते. इंगझोंगशी होत नाही. त्याच्या घरचं सुतक आपल्याला, आपल्या घरचं त्याला. त्याची मुलं ती आपली मुलं, आणि त्या मुलांची आपसात सोयरीक पिढ्यान्पिढ्या बंद. कुणी केली तर त्या दोन घरांनाच नाही, सगळ्या गावाला ते भोवतं. पीक बुडतं, दरड येते. लहानपणी आम्हाला भुतापेक्षा याची भीती घातलेली असायची.

तर आबोने हे नातं पाळायला सुरुवात केली. नवं भात आलं की पहिली टोपली बंगल्यावर. डुक्कर कापलं की मागची तंगडी बंगल्यावर. बाजरीची ची मुरली की पहिला घडा बंगल्यावर. साहेब त्यातलं काही तोंडाला लावत नसे, त्याचा स्वयंपाकी सगळं खायचा. तो आला तेव्हा काटकुळा होता, काही वर्षांत त्याला बंगल्याची पायरी चढताना धाप लागायला लागली. माझी आजी वारली तेव्हा आबो वाटेकडे डोळे लावून बसला होता, कारण इंगझोंगने अशा वेळी कापड घेऊन यायचं असतं. साहेबाने तापाच्या गोळ्या पाठवल्या. आमूने त्या गोळ्या हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या आणि म्हणाली, "तुझ्या भावाला कळवलं ना, की म्हातारी मेली आहे? की आजारी आहे असं वाटलं त्याला?"

आबो तिच्यावर चिडला नाही. साहेब परमुलखातला आहे, त्याला रीत ठाऊक नाही, शिकेल हळूहळू, असं तो शांतपणे सांगत राहिला. त्याचं सुख कशाने बिघडेल असं वाटत नव्हतं. पण टिंगकेप आला आणि ते बिघडलं.

टिंगकेप वरच्या खोऱ्यातला. आबोपेक्षा वयाने लहान, सतत हसणारा, आणि हाताला गुण असलेला. साहेबाने त्याला कामावर घेतलं तेव्हा आबोनेच त्याला जाळ्याची काठी कशी तासायची ते दाखवलं. पुढे साहेबलोकांची फौज चुम्बीच्या वाटेने तिबेटात शिरली. बंदुका पुढे गेल्या आणि त्यांच्या मागोमाग जाळी आणि कागदाचे गठ्ठे गेले, कारण ज्या मुलखात कुणाला पाय टाकू देत नव्हते तिथली फुलं आता फुकटात खुडता येणार होती. ओकली साहेबालाही परवानगी मिळाली. आबो किती दिवसांपासून बांधाबांध करत होता, पण निघायच्या वेळेला त्याला असा ताप भरला की उभंही राहता येईना. साहेब टिंगकेपला घेऊन गेला.

टिंगकेप परत आला तो एक फुलपाखरू आणि एक भिंग घेऊन. फुलपाखरू हिरव्या पंखांचं, खालच्या कडेला सोनेरी झाक असलेलं, कुणी न पाहिलेलं. त्याला विलायतेतल्या कुठल्याशा लॉर्डाच्या बायकोचं नाव दिलं गेलं, आणि ती बाई आयुष्यात कधी चिखलात उतरली नसेल. पण आबोला त्या फुलपाखराचं काही नव्हतं. त्याचा जीव अडकला भिंगात. साहेबाने खूश होऊन आपलं खिशातलं भिंग टिंगकेपच्या हातात ठेवलं होतं. टिंगकेपने डोक्यावरची वेताची टोपी काढून साहेबाला दिली होती. तिथे खेचरांबरोबर टिंगकेपचा मामा होता, आणि मामा बोंगथिंग होता. ची ओतली गेली आणि साहेब याही वेळी हसत हसत प्यायला. हे सगळं टिंगकेपने गावात येऊन सांगितलं.

आबोच्या अंगाचा भडका उडाला. तिबेटात ची कुठून आली, असं तो भेटेल त्याला विचारत सुटला. तिथे मिळते ती जवाची छांग, बाजरीची ची नव्हे, मग बंध कसा होईल? मामा बोंगथिंग आहे म्हणे, पण त्याने कुणाचा ताप तरी उतरवलाय का? आणि टोपी ही काय देण्याची वस्तू झाली? टोपी पावसाला असते, बान माणसाच्या अंगाचं असतं. टिंगकेपच्या कानावर हे जायचं, आणि तोही काही संत नव्हता. बाजारात भर गर्दीत म्हणाला, "चिम्पेतदादाचं बान साहेब लाकडं फोडायला वापरतो. माझी टोपी तो डोक्यावर घालतो."

त्यानंतर आमच्या घराचं जे झालं ते विचारू नका. मी वाढीला लागले होते आणि बंगल्याच्या शेडमध्ये कागद वाळवायच्या कामाला जात होते. घरी आले की आबोचा पहिला प्रश्न एकच असे. भिंतीवर बान वर आहे की टोपी? मी खरं सांगितलं की दोन्ही एकाच खिळ्यांच्या रांगेत आहेत, शेजारी रेड्याचं शिंग आहे. त्याचं समाधान होईना. मग मी सांगायला लागले की बान थोडं वर आहे. त्याला झोप तरी लागायची. टिंगकेपने नव्या भाताची टोपली नेली की आबो त्याहून मोठी न्यायचा. त्याने तंगडी नेली तर हा अर्धं डुक्कर न्यायचा आणि आम्ही वर्षभर नेच्याची भाजी खायचो. स्वयंपाकी आता दारात बसूनच पायऱ्या चढणाऱ्यांवर ओरडायचा, त्याला उठवत नव्हतं.

गावातली म्हातारी माणसं म्हणायची, याला मुंग लागलाय. दोन माणसांमध्ये वाकडं आलं की आम्ही कुणाला दोष देत नाही, मुंगाला, त्या दुष्ट भुताला देतो, आणि त्याला काढायची पूजा करतो. पूजा दोनदा झाली. बोंगथिंगने कोंबडं घेतलं, सगळ्यांनी खाल्लं, दोघांनी एकमेकांना ची पाजली, आणि दुसऱ्या दिवशी आबोने मला परत बान आणि टोपीचं विचारलं.

या सगळ्यात फायदा कुणाचा झाला, ते मला शेडमध्ये बसून दिसायचं. साहेबाला यांच्यातलं नेमकं काय ते ठाऊक नव्हतं, पण दोघे एकमेकांवर जळतात हे मात्र त्याने पक्कं हेरलं होतं. आबो समोर असला की तो टिंगकेपचं कौतुक करायचा, टिंगकेप समोर असला की आबोचं. मग एक जण कड्यावर चढायचा आणि दुसरा त्याच्यापुढचा कडा शोधायचा. आबोची बरगडी मोडली, टिंगकेप वेताच्या पुलावरून पडून वाहता वाहता वाचला. साहेबाच्या पेट्या भरत गेल्या. पेट्यांवर मी खळ लावलेल्या चिठ्ठ्या डकवायचे.

चिठ्ठ्या लिहायचा नोर्बू. नोर्बू साहेबाचा मुलगा. त्याची आई बंगल्यात घर सांभाळायची, आमच्यातलीच होती. साहेबाने त्याला विलायतेचं नाव दिलं होतं, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. तो डोळ्यांनी बापावर आणि बाकी सगळा आईवर गेला होता. शेडमध्ये आम्ही समोरासमोर बसायचो. मी ओले कागद काढून कोरडे घालायचे, तो लिहायचा, आणि आमचं बोलणं चालू राहायचं. त्याला माझं बोलणं आवडायचं, कारण मी त्याला साहेबाचा मुलगा म्हणून मान देत नसे. मला तो आवडायचा, आणि त्याला कारण लागत नाही. आमच्यात लग्नाआधी मुलामुलींवर पहारा नसतो, पण मी स्वतःला आवरून ठेवलं. आबोचं इंगझोंग माझ्या डोक्यात होतं. नोर्बूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या बापाला तर ते आठवतही नाही. मला ते ऐकून हायसं वाटलं, हे मी लपवत नाही.

शेडमध्ये तिसरी होती नोर्किट, टिंगकेपची मुलगी. माझी मैत्रीणच म्हणायची. नोर्बू बोलला की ती मान खाली घालून हसायची आणि तिचे कान लाल व्हायचे. मला ते कान डोळ्यांसमोर नको व्हायचे. मी तिला मुद्दाम लांबच्या चुलीवर कागद न्यायला पाठवायचे. आबोची मुलगी होते मी शेवटी.

मग साहेब कायमचा घरी निघाला. त्याचं वय झालं होतं, पेट्या पोचल्या होत्या, तिकडे त्याला कुठल्याशा मंडळात खुर्ची मिळणार होती. जाण्याआधी मुलाला मार्गी लावावं असं त्याने ठरवलं, आणि नोर्बूने माझं नाव घेतलं. साहेब स्वतः आमच्या घरी आला. आमच्या घराची शिडी तो पहिल्यांदाच चढत होता. आबोने नवी चटई पसरली आणि ची गाळायला आमूला हाक मारली. भाऊ घरी आला होता. इतक्या वर्षांत आबोला इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. मी कुडाच्या भिंतीमागे उभी होते, तिथून सगळं दिसत होतं.

साहेब आमच्या भाषेत मोडकंतोडकं म्हणाला, "चिम्पेत, नोर्बूला तुझी रेमकिट हवी आहे. मी जाण्याआधी त्यांचं करून देऊ."

आबोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तसं कसं होईल, साहेब? ती त्याची बहीण."

साहेब गोरामोरा झाला. त्याने आधी आमूकडे बघितलं, मग बहुधा नोर्बूच्या आईचा आणि आबोचा विचार केला असावा, कारण त्याचा चेहरा कसनुसा झाला. आबोने त्याला कपारीची, चाकूची, बानाची, एका नळीने प्यायलेल्या चीची आठवण करून दिली. साहेबाचा जीव भांड्यात पडला आणि तो मोठ्याने हसला. म्हणाला, "अरे, ती तर गंमत होती. हमालांचा खेळ."

"तू हसलास ते मी बघितलं," आबो म्हणाला. "प्यायलास तेही बघितलं."

साहेबाने खूप समजावलं. घर देईन म्हणाला, बंगल्याखालची वेलचीची जमीन मुलाच्या नावे करतोय म्हणाला. आबो नाहीच म्हणत राहिला. शेवटी साहेबाचं डोकं फिरलं. त्याला वाटलं की हा सगळा बहाणा आहे. "माझ्या मुलाच्या रक्तात खोट दिसते तुला, असं सरळ सांग की," असं म्हणून तो उठला आणि चीला हात न लावता शिडी उतरून गेला. आबो त्याच्या पाठीकडे बघत राहिला आणि आमूला म्हणाला की परमुलखातला आहे, त्याच्या वाटचंही आपल्यालाच पाळायला हवं.

मी बाहेर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला तोंडावर बोलले. ज्याने नातं मानलं नाही त्याच्यासाठी माझा गळा का कापतोस, असं विचारलं. आमू माझ्या बाजूने होती. बोंगथिंगकडे जा, तो सोडवेल, असं ती म्हणाली. आम्ही दोघी गेलो. बोंगथिंग म्हातारा झाला होता. त्याने बराच वेळ नळी चोखली आणि सांगितलं की एकाने मौज म्हणून प्यायली असेल तर बंध धरला की नाही हे डोंगरालाच ठाऊक. चिम्पेतने माझ्यासमोर येऊन म्हणावं की बंध नव्हता. तो म्हणाला तर मुलीला मोकळी समजू, मी गावाच्या वतीने पूजा करीन. आणि टिंगकेपलाही हेच लागू.

एवढंच करायचं होतं. एक वाक्य म्हणायचं होतं. आमू धावत घरी आली. आबोने तिचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टिंगकेपने म्हटलं का?"

"त्याचा काय संबंध?"

"मी म्हणेन आणि तो म्हणणार नाही. मग साहेबाचा भाऊ तो एकटाच राहील."

साहेबाने तोंडावर नाकारलं त्याचं आबोला काही वाटलं नव्हतं. साहेबाला काय कळतं? त्याच्या मनात सलत होता तो टिंगकेप. मी पाया पडले, जेवण सोडलं, भांडी आपटली. तो माझ्याकडे दयेने बघायचा. माझ्या डोक्यावरून हातही फिरवला त्याने एकदा. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही.

साहेबाला बोटीची घाई होती. त्याने मग नोर्किटला मागायला टिंगकेपच्या घरी माणूस पाठवला. नोर्बू काही बोलला नाही. बापापुढे तो कधी बोललाच नाही, आणि त्याचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला. आबोचे ते दिवस कसे गेले ते मी पाहिलंय. अंगणात बसून टिंगकेपच्या घराच्या वाटेकडे डोळे. टिंगकेप नाही म्हणाला तर तोही भाऊ ठरणार. हो म्हणाला तर हरणार. नोर्बू माझ्या हातून जात होता आणि हा तिकडे झुंज बघत बसला होता.

टिंगकेप आला तो दुपारी, एकटाच, डोक्याला टोपी न घालता. आबोने बस म्हटलं नाही तरी तो बसला. नेहमीचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. त्याने कमरेच्या पिशवीतून भिंग काढून चटईवर ठेवलं.

"मी बोंगथिंगकडे जाऊन आलो, चिम्पेतदादा," तो म्हणाला. "म्हटलं मी. साहेब माझा कुणी नाही. टोपी दिली, भिंग घेतलं, झालं."

टिंगकेप भिंगाकडे बघत होता. "खरं तर होता," तो म्हणाला. "माझ्या मामाने मंत्र नीट म्हटला होता. पण नोर्किटचं मन तिथे आहे. तिने मागितलं नाही, मला दिसलं. मग काय करू मी?" एवढं बोलून तो रडायला लागला. मोठा माणूस, गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. हे त्याने इतकी वर्षं उराशी धरलं होतं, आबोइतकंच घट्ट, आणि ते त्याने पोरीसाठी सोडून दिलं होतं.

आणि माझा बाप? त्याने टिंगकेपला मिठी मारली. आमूला ओरडून सांगितलं, सगळ्यात जुनी ची काढ. त्याचे डोळे पाण्याने भरले होते आणि चेहरा उजळला होता. टिंगकेपच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणत होता की मला ठाऊकच होतं, तू मनाचा सरळ आहेस. वर्षानुवर्षांचा मुंग त्या एका दुपारी घरातून निघून गेला, कोंबडं न कापता.

भिंतीमागे मी उभी होते. नोर्बू गेला याचं दुःख मला झालंच, मी दगड नाही. पण त्या दुपारी मला नोर्किटचा जो हेवा वाटला तो नोर्बूपायी नव्हता. तिच्या बापापायी होता. तिला न मागता कळलं होतं कुणाला तरी. मी मागून, रडून, उपाशी राहून कळवलं होतं, आणि माझ्या बापाने माझ्या डोक्यावरून नुसता हात फिरवला होता.

लग्न झालं. आबोने इंगझोंगच्या मुलाचं लग्न म्हणून अख्खं डुक्कर दिलं आणि नवऱ्या मुलाचा काका म्हणून पुढे बसला. मी पाणी वाढलं. साहेब निघाला तेव्हा बान, टोपी आणि रेड्याचं शिंग एकाच पेटीत गवत घालून भरलं होतं. त्या पेटीवरही चिठ्ठी मीच डकवली. नोर्बूने त्यावर लिहिलं होतं की सिक्कीमकडच्या रहिवाशांच्या वस्तू. आबोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, तुझं नाव लिहिलंय. साहेबाने घोड्यावर बसताना आबो आणि टिंगकेप दोघांशी सारखाच हात मिळवला. आबोला वाटलं, आपला हात त्याने जरा जास्त वेळ धरला.

मला पुढे कार्थक घरातला माणूस मिळाला. बरा आहे, कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आबो आणि टिंगकेप यांची मात्र म्हातारपणी अशी गट्टी जमली की बघणाऱ्याने हसावं. आता भांडायला काही उरलंच नव्हतं. एक जिंकला होता आणि एकाने आपणहून हार पत्करली होती. साहेब वारल्याची बातमी आली तेव्हा आबोने भावाचं सुतक रीतसर पाळलं आणि टिंगकेपला मोठ्या मनाने आपल्या शेजारी, पण किंचित मागे, बसायला सांगितलं. टिंगकेप बसला. मला दोघांचाही राग यायचा आणि मी माहेरी येणं कमी करत गेले.

आबो गेला तो थंडीत. मी पोचले तेव्हा गाव जमलं होतं, त्याला चटईवर ठेवलं होतं आणि मुन, आत्म्याला वाट दाखवणारी आमची बाई, येऊन बसली होती. आबोला मुलगा नव्हता. भावकीतला कुणीतरी पुढे होईल म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात शिडी वाजली. नोर्बू वर आला. केस पांढरे झाले होते, डोळे तेच होते. त्याच्या मागे नोर्किट होती, तिच्या मागे काठी टेकत टिंगकेप. नोर्बूच्या खांद्यावर डुकराची तंगडी होती, हातात चीचा घडा आणि नवं कोरं पांढरं कापड. इंगझोंगच्या घरून जे जे यायला हवं ते सगळं होतं, काही सुटलं नव्हतं. त्याने ते आबोच्या पायाशी ठेवलं, वाकला आणि माझ्याकडे वळला.

"आनोम," तो म्हणाला. आमच्यात थोरल्या बहिणीला अशी हाक मारतात. "मी भाऊ म्हणून आलोय. काय करायचं ते सांग."

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी त्याला आबोच्या डोक्याकडची बाजू धरायला सांगितलं, ती मुलाची जागा. त्याने धरली. कापड मीच उलगडलं आणि आबोच्या अंगावर घातलं, चेहऱ्यापर्यंत आणून थांबले. चेहऱ्यावर समाधान होतं. जन्मभर मी त्याच्यामुळे दुसऱ्यांवर जळले. त्या दिवशी त्याचाच हेवा वाटला मला. त्याला जे हवं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं.